आधी सुई काढायला शिका: रक्त घेण्याचा हात बसवताना

माझ्या पहिल्या पेशंटची शीर मला पहिल्याच टोचणीत मिळाली. सिरिंजमध्ये रक्त उतरताना दिसलं आणि छातीवरचं ओझं हललं. त्या आनंदात टुर्निकेट (शिरा फुगाव्यात म्हणून दंडाला बांधायचा पट्टा) तसंच आवळलेलं ठेवून मी सुई बाहेर ओढली. टोचलेल्या जागेतून रक्त उसळलं, चादर भिजली, गॉझ हाताशी नव्हता आणि बघता बघता कोपराच्या खळग्यात लिंबाएवढा फुगवटा आला. त्या बाई काही बोलल्या नाहीत, फक्त हात जवळ ओढून घेतला. त्यानंतर तीन आठवडे मी सकाळच्या सॅम्पलच्या फेरीत काही ना काही कारण काढून मागे राहत होते.

त्या दिवशी माझं टोचणं चुकलं नव्हतं. टोचल्यानंतरचं येत नव्हतं. पुढे मी नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना वॉर्डात नेऊ लागले तेव्हा लक्षात आलं की “शीर मिळेल का?” ही भीती सगळेच बोलून दाखवतात, पण तिच्याखाली दुसरी भीती दबलेली असते: “काही बिघडलं तर मी काय करू?” या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर हाताला आधी शिकवलं, की पहिल्याची धार कमी होते. म्हणून या लेखातला क्रम नेहमीपेक्षा थोडा उलटा आहे.

पहिला धडा: बाहेर पडणं

डमी आर्म, म्हणजे सरावाचा खोटा हात, समोर घ्या आणि सुई आत आहे असं धरून चाला. आता फक्त बाहेर यायचं आहे. आधी टुर्निकेट सोडायचं. व्हॅक्यूम ट्यूब (आतल्या निर्वात पोकळीमुळे रक्त आपोआप ओढणारी) लावलेली असेल तर ती सुईच्या होल्डरमधून काढायची. गॉझ टोचलेल्या जागेवर नुसता टेकवायचा, दाबायचा नाही. सुई आत असताना दाबलं तर तिचं टोक शिरेला कापत बाहेर येतं आणि पेशंटला दुखतं. सुई ज्या रेषेत गेली त्याच रेषेत मागे घ्यायची. ती पूर्ण बाहेर आली की मग दाब द्यायचा. सुईलाच जोडलेली सेफ्टी कॅप असेल तर त्याच क्षणी लॉक करायची आणि सुई सरळ शार्प्स कंटेनरमध्ये, म्हणजे टोकदार वस्तूंच्या डब्यात टाकायची. ट्रेमध्ये नाही, बेडच्या कडेला नाही, “आत्ता टाकते” म्हणून हातातही नाही.

दाब किती वेळ? रक्त थांबेपर्यंत. बहुतेकांना दोन-तीन मिनिटं पुरतात. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर पाच मिनिटं किंवा जास्त लागू शकतात. हात सरळ ठेवायला सांगा. कोपर दुमडून बसायची सवय पेशंटना असते आणि आपणही “हात दुमडा” म्हणून जातो, पण त्याने दाब नेमक्या जागी पडत नाही आणि काळनिळं होण्याचा संभव वाढतो.

हे वीस वेळा करा. मग एका मैत्रिणीला शेजारी बसवा आणि तिला सांगा, मी डमीवर टोचत असताना कुठल्याही क्षणी “थांबा” म्हण. सुई नुकतीच आत गेलेली असो, ट्यूब अर्धी भरलेली असो, तिने थांबा म्हटलं की तुम्ही शांतपणे, ठरलेल्या क्रमाने बाहेर यायचं. हा सराव मला कुणी दिला नव्हता. मी तो माझ्या विद्यार्थ्यांसाठी सुरू केला, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण सगळ्यात जास्त कशाने उतरत असेल तर यानेच.

खऱ्या वॉर्डात “थांबा” कोण म्हणणार? कधी पेशंट स्वतः म्हणेल, आणि तेवढंच कारण पुरेसं आहे. कधी त्याचं शरीर म्हणेल. हातातून बोटांपर्यंत विजेसारखी कळ गेली किंवा मुंग्या आल्या तर सुई मज्जातंतूला लागली आहे, तत्काळ बाहेर. लालभडक रक्त ठोक्याठोक्याने येऊ लागलं तर धमनी लागली आहे: बाहेर, आणि किमान पाच मिनिटं घट्ट दाब, स्वतःच्या हाताने, पेशंटच्या भरवशावर न सोडता. सुईभोवती कातडी फुगू लागली तर रक्त शिरेबाहेर झिरपतं आहे. चेहरा पांढरा पडला, कपाळावर घाम आला, बोलणं तुटलं तर चक्कर येते आहे: टुर्निकेट सोडा, सुई काढा, पेशंटला आडवं करा, शक्य असेल तर पाय वर घ्या, हाक मारून मदत बोलवा आणि जागेवरून हलू नका. या सगळ्या प्रसंगांत पहिल्या दोन हालचाली सारख्याच आहेत, टुर्निकेट आणि सुई. म्हणून तर तो क्रम डोक्याआधी हातात बसायला हवा. आणि यातलं काहीही झालं तरी ते प्रभारी सिस्टरना सांगायचं आणि नोंदवायचं.

दुसरा धडा: बोटाची नजर

नवखी मुलं शीर डोळ्यांनी शोधतात. निळी रेष दिसली की सुई तिकडे वळते. दिसणारी शीर पुष्कळदा कातडीलगतची, बारीक आणि सरकणारी असते. चांगली शीर कित्येकदा अजिबात दिसत नाही, फक्त लागते. दाबल्यावर ती किंचित दबते आणि बोटाला परत उचलते. स्नायूबंध दोरीसारखा टणक लागतो, दबत नाही. धमनी ठोके देते. हे तीन स्पर्श वेगळे ओळखता आले की अर्धं काम झालं.

यासाठी सुई लागत नाही, परवानगी लागते. वर्गातल्या प्रत्येकीचा हात बघा, घरच्यांचे बघा, जाडजूड, वाळलेले, तरुण, म्हातारे, सगळे. तर्जनीच्या टोकाने बघा, अंगठ्याने नको, कारण अंगठ्यात स्वतःचाच ठोका जाणवतो. डोळे मिटून बघा. मग ग्लोव्ह घालून पुन्हा बघा, कारण वॉर्डात स्पर्श ग्लोव्हमधूनच होणार आहे. मी विद्यार्थ्यांना पहिली सुई हातात द्यायच्या आधी निदान पन्नास हात चाचपून यायला सांगते. काहींना हे वेळ घालवणं वाटतं. पन्नासाव्या हातानंतर वाटत नाही.

कोपराच्या खळग्यात तीन शिरांची ओळख करून घ्या. मधली मीडियन क्युबिटल, साधारणपणे सगळ्यात मोठी आणि जागेवर स्थिर. पहिली पसंती तिला. अंगठ्याच्या बाजूची सेफॅलिक, दुसरी पसंती. स्थूल माणसात मधली लागली नाही तर तळहात किंचित खाली वळवून हीच बऱ्याचदा सापडते. करंगळीच्या बाजूची बॅसिलिक दिसायला भरघोस असते आणि नवख्यांना मोह पडतो, पण तिच्या जवळून ब्रेकियल धमनी आणि मज्जातंतू जातात. ती शेवटची. मी तर शिकत असताना तिला हात लावू नका, असंच सांगते.

कुठला हात घ्यायचा नाही हेही याच वेळी पाठ करा: सलाईन चालू असलेला, डायलिसिसची फिस्टुला (शस्त्रक्रियेने धमनीला जोडलेली शीर) असलेला, स्तनाच्या शस्त्रक्रियेत काखेतल्या गाठी काढलेल्या बाजूचा, सुजलेला, भाजलेला, आधीच काळानिळा पडलेला.

डमी आर्मबद्दल थोडंसं

डमी क्रम शिकवतो, स्पर्श नाही. तिच्या शिरा सरकत नाहीत, कोसळत नाहीत, आणि आधीच्या शेकडो भोकांमुळे सुई स्वतःच वाट धरते. म्हणून डमीवर दहापैकी दहा जमलं म्हणून हुरळू नका आणि नंतर माणसावर हुकलं म्हणून “मला येतच नाही” असंही ठरवू नका. डमीवर काम करताना प्रत्येक कृती मोठ्याने बोलून करा. “टुर्निकेट बांधते आहे, मिनिट सुरू.” “बेव्हल वर आहे.” (बेव्हल म्हणजे सुईच्या टोकाचा तिरपा काप.) तोंडातून आलेला क्रम घाबरलेल्या क्षणीही आठवतो.

तिसरा धडा: पेशंटसमोर उभं राहणं

पहिला खरा हात सोपा असावा, हे बघणं शिकवणाऱ्याचं काम आहे. कातडीखाली ठळक शीर, शांत स्वभाव, घाई नसलेली वेळ. पहिल्याच दिवशी सुजलेल्या हाताच्या, तापाने कोरड्या पडलेल्या पेशंटकडे पाठवून “शिकेल आपोआप” म्हणणं मला पटत नाही. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बँडुरा यांनी १९७७ मध्ये मांडलं की एखादी गोष्ट आपल्याला जमेल हा विश्वास सगळ्यात जास्त स्वतः ती यशस्वीपणे केल्याने येतो. आपल्यासारख्याच कुणाला जमताना पाहणं, कुणी धीर देणं आणि स्वतःच्या शरीराची धडधड कशी समजून घेतो, हेही त्यात येतं. वॉर्डात मला हे रोज दिसतं. म्हणून मी मुलींना माझा हात बघायला लावत नाही. आदल्या महिन्यात शिकलेल्या सीनियर मुलीचा बघायला लावते. माझा वेग बघून त्यांना आपल्यातलं अंतरच जाणवतं.

पेशंटला खरं सांगा. “मी नर्सिंगची विद्यार्थिनी आहे, सिस्टर माझ्यासोबत उभ्या आहेत, मी रक्त घेतलं तर चालेल का?” हे वाक्य घरी आरशासमोर म्हणून या. कुणी नाही म्हणेल. तो त्यांचा हक्क आहे, तुमच्यावरचा शेरा नाही. “बरं, सिस्टर घेतील” म्हणा आणि बाजूला उभं राहून बघा.

मग ओळख पटवा. “तुम्हीच अमुक का?” असं विचारू नका, झोपेतला, कानाने अधू किंवा गोंधळलेला माणूस कशालाही हो म्हणतो. “तुमचं पूर्ण नाव सांगता का? जन्मतारीख?” असं विचारा आणि उत्तर मनगटाच्या पट्टीशी आणि फॉर्मशी ताडून बघा. मला चुकलेल्या शिरेपेक्षा चुकलेल्या नावाची भीती अधिक वाटते. शीर चुकली तर हात दुखतो. नाव चुकलं तर एकाच्या रिपोर्टवर दुसऱ्याला उपचार मिळतात.

आणखी तीन प्रश्न: याआधी रक्त देताना चक्कर आली होती का? रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का? कुठल्या हातातून सहसा मिळतं? पहिल्याला हो आलं तर पेशंटला झोपवूनच घ्या. तिसरा प्रश्न मला सगळ्यात प्रिय आहे. दर महिन्याला रक्त देणाऱ्या माणसाला स्वतःच्या शिरा तुमच्याहून चांगल्या माहीत असतात, आणि त्याला विचारलं की तोही तुमच्या बाजूने उभा राहतो.

हात थरथरतो आहे? थरथरू दे, पण अधांतरी ठेवू नका. सुई धरलेल्या हाताची करंगळी किंवा तळव्याची कड पेशंटच्या हाताला टेकवा. आधार मिळाला की टोक स्थिर होतं. खुर्ची जवळ ओढा, वाकून काम करू नका. एक श्वास लांब सोडा आणि तो सोडतानाच सुई आत न्या.

टोचतानाची दोन मिनिटं

हात धुतलेले, सामान हाताशी, शार्प्स कंटेनर हात पोचेल इतक्या जवळ, आणि ट्यूबा लागतील त्या क्रमाने मांडलेल्या. बसलेला पेशंट असेल तर हाताला खालून आधार हवा. टुर्निकेट टोचायच्या जागेच्या वर चार-पाच बोटं अंतरावर बांधा. ते एक मिनिटापेक्षा जास्त ठेवायचं नाही, कारण रक्त घट्ट होऊन तपासणीचे आकडे बदलतात. शोधण्यात वेळ गेला तर सोडा, दोन मिनिटं थांबा, पुन्हा बांधा. मूठ मिटायला सांगितलं तर हरकत नाही, पण “मूठ उघड-मीट करा” नको. त्याने पोटॅशियम खोटं वाढतं.

७० टक्के अल्कोहोलच्या स्वॅबने ३० सेकंद पुसा आणि ३० सेकंद वाळू द्या. फुंकर नको, हाताने वारा नको. ओलसर कातडीत टोचलं की झोंबतं, सॅम्पलही हिमोलाइज होऊ शकतं, म्हणजे त्यातल्या रक्तपेशी फुटतात. पुसल्यावर पुन्हा बोट लावायचं नाही. जागा विसरायची भीती वाटते ना? मग पुसायच्या आधीच जवळचा एखादा तीळ, सुरकुती, कातडीची घडी खुणेसाठी हेरून ठेवा.

मोठ्या माणसांसाठी बहुधा २१ गेजची सुई, बारीक शिरेला २२ किंवा २३. आकडा वाढतो तशी सुई बारीक होते. दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने टोचायच्या जागेच्या तीन-चार सेंटीमीटर खाली कातडी ताणून धरा. हा ताण म्हणजे सगळं आहे. शीर सरकली अशी तक्रार घेऊन येणाऱ्या मुलींचा अंगठा बघितला तर बहुतेकदा तो नुसता टेकलेला असतो, ओढत नसतो. मात्र वरून तर्जनीने आणि खालून अंगठ्याने असा दुहेरी ताण नको. सुई निसटली तर ती वरच्या बोटात घुसते.

बेव्हल वर, कोन १५ ते ३० अंश, “आता टोचतेय” असं सांगून एका सलग हालचालीत आत. भीतीने हळूहळू घातलेली सुई जास्त दुखते आणि शिरेला ढकलून बाजूला सारते. आत गेल्याचं बोटांना कळतं, किंचित सैल पडल्यासारखं. रक्त आलं की मूठ उघडायला सांगा आणि टुर्निकेट सोडा.

रक्त आलं नाही तर

सुई थोडी उथळ असेल, तर सरळ रेषेत केसभर आत न्या. पलीकडची भिंत भेदली असेल, तर केसभर मागे घ्या. ट्यूबचा व्हॅक्यूम गेला असेल, तर दुसरी लावून बघा. सिरिंज असेल आणि दट्ट्या जोरात ओढला असेल तर शीर आतून चिकटली असण्याची शक्यता आहे. ओढणं थांबवा, मग अगदी सावकाश ओढा. एवढेच उपाय. सुई आत ठेवून डावीकडे-उजवीकडे चाचपडायचं नाही. मज्जातंतूला इजा होते ती बहुधा अशा शोधाशोधीत.

नाही मिळालं, तर पहिला धडा: टुर्निकेट, सुई, दाब. “मला मिळाली नाही, माफ करा. दुसऱ्या हाताला एकदा बघू का?” आधी तो हात खाली लोंबता ठेवा, कोमट कपडा काही मिनिटं गुंडाळा. एकाच माणसाने दोनपेक्षा जास्त वेळा टोचायचं नाही. दुसऱ्यांदा हुकलं की हातातलं काम दुसरीच्या हाती द्यायचं. अनुभवी सिस्टरसुद्धा हेच करतात. ज्या वॉर्डात मदत मागायची लाज वाटते, तिथे पेशंटना चार-चार टोचण्या बसतात.

ट्यूबा

आधी ब्लड कल्चर (रक्तातले जंतू तपासायची बाटली), मग निळ्या झाकणाची सायट्रेट, मग लाल किंवा पिवळी, मग हिरवी हेपॅरिन, मग जांभळी ईडीटीए, शेवटी करडी फ्लोराइड. सायट्रेट, हेपॅरिन वगैरे नावं ट्यूबमधल्या रसायनांची आहेत. हा क्रम घोकण्यापेक्षा एक कारण समजून घ्या. ईडीटीए ट्यूबमध्ये पोटॅशियमचा क्षार असतो आणि तो कॅल्शियम बांधून ठेवतो. त्याचा अंश पुढच्या ट्यूबमध्ये गेला तर पोटॅशियम वाढलेलं आणि कॅल्शियम घटलेलं दिसतं, आणि धडधाकट माणसासाठी धावपळ सुरू होते. निळी ट्यूब खुणेपर्यंत भरायलाच हवी, कारण नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट हे प्रमाण बिघडलं की गोठण्याच्या तपासणीला अर्थ उरत नाही. ती तीन-चार वेळा, जांभळी आठ-दहा वेळा हळुवार उलटसुलट करा. हलवून फेसाळायचं नाही. झाकणांचे रंग थोडे बदलू शकतात, तेव्हा आपल्या लॅबचा तक्ता मोबाइलमध्ये ठेवा.

लेबल रक्त घेतल्यावर, पेशंटच्या बेडजवळच लावायचं. आधी लावून नेलेल्या रिकाम्या ट्यूबा आणि नंतर डेस्कवर बसून लावलेली लेबलं, दोन्हीतून अदलाबदल होते.

सुई स्वतःला लागेल, या भीतीचं काय

ही भीती रास्त आहे आणि तिच्यावर उपाय आहेत. हेपॅटायटिस बीच्या लसीचे तीन डोस पूर्ण केल्याशिवाय सुई हातात घेऊ नका. वापरलेल्या सुईला काढलेलं झाकण पुन्हा लावायचं नाही, कधीच नाही. कंटेनर तीन-चतुर्थांश भरला की बदला. तरीही लागलीच, तर साबण आणि वाहत्या पाण्याने धुवा, जखम पिळू नका, ब्लीच लावू नका, आणि ताबडतोब सांगा. एचआयव्ही असलेल्या पेशंटची सुई लागली तरी संसर्गाचा धोका साधारण हजारात तीन इतका असतो, आणि प्रतिबंधक औषधं जितकी लवकर सुरू होतील तितकी चांगली, फार तर ७२ तासांच्या आत. रागावतील म्हणून लपवलेली टोचणी सगळ्यात धोक्याची असते, कारण हे तास त्यातच निघून जातात.

वही

खिशात बसेल अशी वही ठेवा. पेशंटचं नाव लिहायचं नाही. कुठली शीर, कितव्या प्रयत्नात, काय जमलं, काय हुकलं, पुढच्या वेळी काय बदलायचं, इतकंच. “अंगठा सैल होता.” “पुसल्यावर पुन्हा बोट लावलं.” “आजी बोलत राहिल्या, मला बरं वाटलं.” तीस-चाळीस नोंदी झाल्या की मागची पानं उलटा, एकच चूक तीन-चारदा दिसेल, आणि ती बहुधा शिरेतली नसते, तयारीतली असते.

हुकल्याच्या दिवशी तसंच घरी जाऊ नका. सिस्टरना सांगून एक सोपा हात मिळवा आणि एक सॅम्पल घेऊनच जा. मी हे केलं नाही म्हणून माझे तीन आठवडे गेले. आणि दुसऱ्या दिवशी ज्यांचा हात तुमच्याकडून काळानिळा झाला त्यांच्याकडे जा. मी गेले नव्हते. त्या बाईंच्या बेडपासून तीन दिवस लांब राहिले. चौथ्या दिवशी त्यांनीच हाक मारली, बाही वर केली आणि हिरवट-पिवळा होत आलेला डाग दाखवत म्हणाल्या, “बघ, उतरला की. आज दुसऱ्या हाताचं तू घे.”